टप उघडला की डिकी गेली! १९६१ची लिंकन कॉन्टिनेन्टल

(कॅमेऱ्याकडे बघून)

नमस्कार मंडळी! आजच्या गाडीवर बघण्यासारखं फारसं काही नाहीये. तिची गंमत तिथेच आहे.

(स्क्रीनवर: १९५९ची कॅडिलॅक, मागून)

आधी ही बघा. शेपटीला माशाच्या परांसारखे दोन उंच पंख, त्यांत लाल दिवे, आणि जिकडेतिकडे क्रोम. १९४८मध्ये कॅडिलॅकने फायटर विमानाच्या शेपटीवरून हे पंख आणले, तेव्हा ते छोटे होते, गोड दिसायचे. दहा-अकरा वर्षांत गाडीची पार नवरदेवाची घोडी झाली.

(स्क्रीनवर: १९६१ची लिंकन, टप उघडलेला)

आणि दोनच वर्षांनी ही आली. बाजूचा पत्रा सपाट. वरच्या कडेने क्रोमची एकच पट्टी, पुढून मागपर्यंत सरळ रेघेत. बस्स.

डिझायनर होता एलवुड एंगल. त्याने मातीचं मॉडेल केलं होतं ते खरं तर फोर्ड थंडरबर्डसाठी, दोन दरवाजांचं. लिंकन, म्हणजे फोर्डचीच महागड्या गाड्यांची कंपनी, तेव्हा तोट्यात होती. फोर्डमधले वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा, हेच पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री झाले, त्यांनी ते मॉडेल पाहिलं आणि विचारलं, याची चार दरवाजांची लिंकन होईल का? झाली. आधीच्या मॉडेलपेक्षा सव्वा फुटाने आखूड झाली. तरीही पावणेअठरा फूट, म्हणजे आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीच मावायची!

(स्क्रीनवर: चारही दरवाजे उघडे)

मागचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. लोकांना वाटतं हा नुसता रुबाब. पण मागून उतरताना पाय दारावर आपटत होता, म्हणून ही युक्ती. मुंबईतली जुनी डुक्कर फियाट ज्यांना आठवते त्यांना उलटं दार नवीन नाही, फक्त तिथे ते पुढचं होतं. इथे अजून एक बारकावा आहे. टप उघडणारी गाडी असल्याने काचांना चौकट नाही. म्हणून मागचं दार उघडलं की त्याची काच आपोआप जराशी खाली सरकते, रबरात अडकू नये म्हणून. १९६१ साली!

आता खरा राक्षस.

(स्क्रीनवर: टप दुमडतानाचा व्हिडिओ, आवाज चालू ठेवा)

डिकीचं झाकण नेहमीच्या उलट, मागच्या बिजागरीवर उचललं जातं. टप मागे येतो, घडी होतो, डिकीत शिरतो, झाकण बंद. वर कापडाचा एक पदरसुद्धा दिसत नाही. बाहेरची ती सरळ रेघ राखायची म्हणून आत हा सगळा कारखाना: इलेक्ट्रिक मोटरी, हायड्रॉलिक पंप, रिले म्हणजे विजेने चालणारे स्विच, आणि भाग जागेवर पोचला की दाबले जाणारे लिमिट स्विच. फोर्डच्या १९५७च्या स्कायलायनरमध्ये अख्खं पत्र्याचं छप्पर डिकीत जायचं, तिथला अनुभव इथे कामाला आला. टप आत गेल्यावर बॅगा कुठे ठेवायच्या? मांडीवर.

ही गाडी रिस्टोअर करणाऱ्याची झोप हीच यंत्रणा उडवते. प्रत्येक टप्पा पुरा झाला की एक स्विच पुढच्याला हिरवा कंदील देतो. एक स्विच गंजला की टप अर्ध्यात, झाकण आभाळाकडे, आणि मालक वायरिंगचा नकाशा घेऊन रस्त्यात उभा. इंजिन सात लिटरचं व्ही-८, त्याचा त्रास त्यामानाने कमी. पण गंज जपून बघावा लागतो. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. खालचा पत्रा कुजला असेल तर वरून लांबी (पुट्टी) भरून, चकचकीत रंग मारून काही उपयोग नाही.

(स्क्रीनवर: डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममधली गाडी)

हिला ओळखलंत? १९६३मध्ये डॅलसला केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या ती याच मॉडेलची, मुद्दाम लांब केलेली गाडी. मला वाटायचं, त्यानंतर ती लगेच म्युझियममध्ये गेली असणार. तसं नाही. चिलखती पत्रा आणि कायमचं छप्पर बसवून ती पुन्हा कामाला जुंपली, आणि १९७७पर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत होती.

चार दारांची ही कन्व्हर्टिबल १९६७मध्ये बंद झाली. आजही चालत्या स्थितीत मिळतात. कुणी विकायला काढली तर इंजिनचा आवाज नंतर ऐका. आधी म्हणा, टप दोनदा उघडून दाखवा. आणि दोनदा बंद करूनही!