कोलकाता लीगचे विजेते आणि पावसाचा हिशेब

मंडळी, पत्रिकेवर छापलंय ‘कोलकाता फुटबॉल लीग : सव्वाशे वर्षांचे विजेते’. नुसती यादी हवी असेल तर ती कुठंही मिळते, त्यासाठी सतरंज्या घालायची गरज नव्हती. ती यादी वाचायची कशी, एवढंच सांगायचंय. शेवटी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी कबूल केलंय: १९५८ नंतर साठ वर्षं ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन स्पोर्टिंग हे तीनच क्लब आलटून पालटून का जिंकत राहिले? ते देतोच. पण आधी चिखल.

लीग सुरू झाली १८९८ साली. पहिला विजेता ग्लॉस्टरशायर रेजिमेंट. पुढची छत्तीस वर्षं यादीत पलटणी आणि गोऱ्यांचे क्लब: रॉयल आयरिश रायफल्स, ब्लॅक वॉच, कलकत्ता एफसी, डलहौसी. पलटणीची गंमत अशी की ती नेहमी हरून जात नाही, बदली होऊन जाते. एखादं नाव दोन वर्षं चमकून गायब झालं, तर खेळ घसरला असं समजू नका. छावणीचा पत्ता बदललेला असतो.

इथं कुणीतरी १९११ काढणार. तो मोहन बागान या भारतीय क्लबाचा अनवाणी विजय आयएफए शील्ड या स्पर्धेतला. शील्ड बाद पद्धतीची स्पर्धा, लीग वेगळी. लीगच्या पहिल्या विभागात मोहन बागानला जागा मिळाली १९१५ मध्ये, आणि तिथंही भारतीय क्लब दोनच, असा दंडक. मोहन बागान आणि आर्यन बसले, दार बंद! ईस्ट बंगालनं १९२४ साली दुसऱ्या विभागात बढतीचा हक्क कमावला, तेव्हा कुठं भांडून तो नियम मोडला. मग २८ मे १९२५ रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा लीगमधला पहिला सामना झाला आणि नवख्या ईस्ट बंगालनं तो १-० असा घेतला.

आता खरा मुद्दा. ही लीग तेव्हा मे महिन्यात सुरू व्हायची आणि ऐन पावसात रंगायची. कोलकात्याचं मैदान म्हणजे गंगेचा गाळ. कोरडा असताना तो घट्ट असतो, आणि त्यावर अनवाणी खेळाडू बूटवाल्याला भारी पडतो: चेंडू बोटांना कळतो, वळायला जागा कमी लागते, पायात वजन नाही. पाऊस पडला की सगळं उलटतं. गाळाचा वरचा थर साबणासारखा होतो. उघडा पाय रोवला जात नाही, त्यामुळे वळताना आधाराचा पाय आधी सटकतो. त्यात तेव्हाचा चेंडू कातडी, वादीनं बांधलेला. नियम फक्त सामना सुरू होतानाचं वजन सांगायचा, १३ ते १५ औंस. पुढं कातडं किती पाणी पितं याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं. तो भिजका गोळा अनवाणी पायानं लांब मारायचा म्हणजे चवड्याची परीक्षा. आणि समोरून येणाऱ्या बचावपटूच्या बुटाला खाली खिळ्यांनी ठोकलेले कातडी स्टड! कातडं झिजलं की खिळ्याचं डोकं वर येतं. घोट्याला बांधलेली पट्टी त्यापुढं काय करणार?

म्हणजे मे महिन्यात कमावलेले गुण जून-जुलैत चिखलात जायचे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. चार सामने घसरले की हंगाम संपला.

मोहम्मडन स्पोर्टिंगनं हे ओळखलं. १९३३ साली ते पहिल्या विभागात चढले. त्या वर्षी विजेती होती डरहॅम लाइट इन्फंट्री, सलग तिसऱ्यांदा. मोहम्मडननं बंगालबाहेरून, पार बेंगळुरूहून खेळाडू आणले आणि त्यांना बुटांचा सराव दिला. कोरडं असेल तर अनवाणी, पाऊस असेल तर बूट. ऐकायला सोपं वाटतं. पण नवं कातडं टाच सोलतं, ते चरबी चोळून मऊ करावं लागतं. आणि बूट घातला की पायाची लांबी बदलते, म्हणून पहिले काही दिवस पासही चुकतात. पावसाच्या दिवशी पेटीतून बूट काढून चालत नाही, आधी महिनाभर ते पायात मुरवावे लागतात. १९३४ ते १९३८, सलग पाच विजेतेपदं! लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब हाच.

त्याच संघाचा मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोला गेला आणि तिथल्या सेल्टिक क्लबाकडून पट्ट्या बांधलेल्या अनवाणी पायांनी खेळला. गॅल्स्टनविरुद्ध सेल्टिकनं ७-१ नं सामना घेतला. बुटांनी जिंकणाऱ्या क्लबाचा माणूस बुटांच्या देशात अनवाणी. बाकीच्यांनी धडा घ्यायला मात्र १९५२ उजाडलं: हेलसिंकी ऑलिंपिकात युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ल्यावर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे’.

तर भराभर. मोहन बागानचं पहिलं विजेतेपद १९३९, तेही मोहम्मडन, ईस्ट बंगाल वगैरे क्लब भांडून हंगाम अर्धवट सोडून गेले त्या वर्षी. ईस्ट बंगालचं पहिलं १९४२. मग ईस्ट बंगालची १९७० ते १९७५ सलग सहा, २०१० ते २०१७ सलग आठ. १९७६ साली मोहन बागाननं ती माळ तोडली; त्या हंगामात ईस्ट बंगालविरुद्ध मोहन बागानच्या अकबरचा गोल सतराव्या सेकंदाला. २०२३ पर्यंतची बेरीज: ईस्ट बंगाल ३९, मोहन बागान ३०, मोहम्मडन १४.

आता कबूल केलेलं उत्तर. तीनच का? कारण छोट्या क्लबाचा चांगला खेळाडू पुढच्या क्लब बदलायच्या मोसमात मोठ्याकडे जातो. सही होईपर्यंत त्याला लपवून ठेवण्यापर्यंत मजल जायची. सभासद, गॅलरी, वर्गणी मोठ्यांकडे. छोट्यांकडे फक्त शोधक नजर. या चाकाला खीळ दोनदाच बसली: १९५८ साली ईस्टर्न रेल्वे, २०१९ साली पीयरलेस. दोन्ही कचेऱ्यांचे संघ. नामवंत फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी रेल्वेत टिकले, कारण तिथं नोकरी होती. पगारपत्रक असलं की वर्गणीशी झुंजता येतं. पलटणींचंही तेच होतं, शिपायाला कोण पळवणार?

आणि २०१९ चा शेवट पाहा. शेवटच्या दिवशी पीयरलेसनं आपला सामना जिंकला. ईस्ट बंगालला कस्टम्स या संघावर मोठ्या फरकानं विजय हवा होता, पण मैदानात पाणी साचलं आणि सामना होऊ शकला नाही. नवी तारीख ठरली, कल्याणीला. त्या दिवशी ईस्ट बंगालचा संघ उतरलाच नाही.