सफरचंदाच्या पिंपात ऐकलेलं वाक्य

आधी एक वाक्य ऐका. "पोरा, वयानं लहान आहेस, पण डोकं कसं लख्ख आहे तुझं! तू आत आलास तेव्हाच ओळखलं मी."

नुकतेच वडील गेलेल्या मुलाला कुणी असं म्हटलं, तर तो त्या माणसाच्या मागे जगाच्या टोकापर्यंत जाईल. जिम हॉकिन्स गेलाच. हे म्हणणारा लाँग जॉन सिल्व्हर, आणि कादंबरी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड'. १८८१ साली मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः यायला लागली, १८८३ मध्ये तिचं पुस्तक झालं. आठवीत असताना मी ती सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणली होती. सिल्व्हर दगाबाज निघाला तेव्हा पुस्तक मिटून ढसाढसा रडले होते. गेल्या आठवड्यात पुन्हा वाचली. गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहे, तेव्हा वाचायची राहिली असेल तर आधी वाचून या.

या वेळी मी हादरले ते एका गोष्टीनं. स्टीव्हन्सननं आपल्यापासून काहीच लपवलेलं नाही!

पहिल्याच प्रकरणात जिमच्या खानावळीत उतरलेला म्हातारा खलाशी त्याला सांगतो, एका पायाचा खलाशी दिसला की मला लगेच कळव. त्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला चांदीचं चार पेन्सचं नाणं कबूल करतो. त्या एका पायाच्या माणसाची जिमला स्वप्नं पडतात. कधी पाय गुडघ्यापासून तुटलेला, कधी थेट मांडीपासून, आणि तो कुंपणं ओलांडत पाठलाग करतोय.

मग ब्रिस्टल बंदरात जिमला भेटतो कोण? एका पायाचा खलाशी. कुबडी घेऊन आपल्या खानावळीत गिऱ्हाइकांच्या पाठीवर थाप मारत हिंडणारा, हसतमुख. जिमला शंका आलेली असते, पण त्याला एकदा पाहिल्यावर ती विरून जाते. कारण जिमनं पाहिलेले समुद्री चाचे घाणेरडे, दारुडे, कुणी आंधळा, कुणाच्या हाताची दोन बोटं तुटलेली. चाचा म्हणजे कसा, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. एवढा स्वच्छ माणूस त्यात बसतच नाही. त्याच खोलीतून एक ओळखीचा चाचा पळून जातो, तेव्हाही सिल्व्हर इतका संतापतो की जिमला तो निर्दोषच वाटतो. मलाही वाटला, आठवीतही आणि आता चाळिशीतही.

नंतर धक्क्यावरून चालताना सिल्व्हर प्रत्येक जहाजाची माहिती देतो, खलाशांचे शब्द जिमला तोंडपाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतो. बाकीची मोठी माणसं खजिना शोधायच्या मोहिमेच्या गडबडीत. मुलासाठी वेळ काढला तो या माणसानं.

आता ते पिंप. जहाजावर एका रात्री जिमला सफरचंद खावंसं वाटतं. पिंपात तळाला एखाददुसरंच उरलेलं, म्हणून तो आतच उतरतो. अंधार, लाटांचा झोका, त्याला डुलकी लागायला येते. तेवढ्यात कुणीतरी जाडजूड माणूस पिंपाला टेकून बसतो. आवाज सिल्व्हरचा. तो एका तरुण खलाशाला बंडात ओढतोय, आणि त्याला म्हणतो, "तू लहान आहेस, पण डोकं लख्ख आहे तुझं."

तेच वाक्य, जवळपास शब्दन् शब्द.

जिम सांगतो, जमलं असतं तर मी पिंपातूनच त्याला ठार मारलं असतं. बंडाचा, खुनाचा बेत त्याला अजून पुरता कळायचाय. राग आला तो त्या वाक्याचा. मी रडले तीही इथेच. ते कौतुक मीही स्वतःला लावून घेतलं होतं.

फसवणूक पुस्तकात पुढेही आहे. जिमच्या बाजूचे डॉक्टर लिव्हझी खजिन्याचा नकाशा सिल्व्हरला देऊन टाकतात, कारण बेटावर एकटा अडकलेल्या बेन गननं खजिना केव्हाच उकरून गुहेत नेलेला असतो. चाचे पोचतात तर खड्डा रिकामा. ते वाचताना मला काहीच टोचलं नाही. डॉक्टरांनी कधी सिल्व्हरला जीव लावल्याचं सोंग आणलं नव्हतं.

मी पंचवटीत राहते. सीता गुंफेपुढची रांग रोज दिसते. लहानपणी आम्हाला सोन्याच्या हरणाची गोष्ट सांगायचे ती 'मोह वाईट' म्हणून. पण मारीच मरताना ओरडला तो रामाच्या आवाजात, आणि रावण आला तो भिक्षा मागत. दोन्ही वेळा सीता फसली ती मायेपोटी. हे मला फार उशिरा उमगलं.

आणि माझ्या मामाचं सांगते. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग. एका वर्षी एक व्यापारी आला. बागेत शिरल्या शिरल्या घड हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, असा माल अख्ख्या तालुक्यात नाही. पोरासारखी वाढवलीय बाग." पहिल्या दोन खुडण्यांचे पैसे रोख, जागेवर. मग उरलेली सगळी बाग उधारीवर उचलली आणि फोन बंद. मामा पैशासाठी धावपळ करत होता तोवर ताठ होता. एक दिवस शेजारच्या गावातला, तसाच बुडालेला शेतकरी भेटला. तो म्हणाला, "मला म्हणायचा, पोरासारखी वाढवलीय बाग." मामा तिथेच बांधावर खाली बसला.

कादंबरीच्या शेवटी सिल्व्हर नाण्यांची एक थैली घेऊन पळून जातो. आणि जिम, ज्याला त्याला पिंपातून मारायचं होतं तोच जिम, लिहितो की सिल्व्हर आपल्या बायकोबरोबर आणि पोपटाबरोबर कुठेतरी सुखात असावा. आठवीत मला हे अजिबात पटलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत मामाकडे गेले होते. छाटून ठेवलेला एक घड उजेडात धरून तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "काही म्हण, पारख मात्र होती हं त्याला."