रात्रीचा मांड

(म्हापशातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयोजकांचा फोन आला तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, मी अभ्यासक नव्हे, साउंडवाला. बाबांचा धंदा कर्ण्यांचा. जत्रा, लग्न, निवडणूक, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, सगळीकडे आमचेच कर्णे. ते माडाला बांधायला मी शाळेत असल्यापासून चढतोय. पुढं कर्णे गेले, बॉक्स आले, बास आले, जनरेटर आला. त्यामुळं गोव्याची रात्र मी बहुतेक वेळा स्टेजच्या मागून, वायरींच्या गुंत्यात बसून बघितली. तिथून नाचणारे फारसे दिसत नाहीत. पैसे कोण देतो आणि कोण बुडवतो, ते मात्र छान दिसतं.

मला दिलेला विषय असा आहे: गोव्यातलं अंडरग्राउंड संगीत आता शोधायचं कुठं? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतो. बहुतेक वेळा विचारणारा मुंबई-पुण्याचा, आसगावात घर भाड्यानं घेतलेला तरुण असतो. त्यानं वाचलेलं असतं की हणजूणला, म्हणजे नकाशावरच्या अंजुनाला, पौर्णिमेच्या रात्री वाळूवर काहीतरी जगावेगळं होत असे, आणि त्याला त्यातला उरलासुरला तुकडा हवा असतो. मी त्याला हसत नाही. मीही एकेकाळी तेच शोधत फिरलोय, फक्त माझ्या डोक्यावर वायरींचं बंडल असायचं.

तेव्हा शोधायची पद्धत काय होती, ते आधी सांगतो. पत्रक नाही, जाहिरात नाही, तिकीट नाही. म्हापशाच्या बसस्टँडवर पायलट उभे असत. इथं बाहेरून आलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठी सांगतो, पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवून भाडं नेणारा माणूस. आज रात्री कुठं आहे हे पायलटला ठाऊक असे. त्यालाही माहीत नसलं तर संध्याकाळी चहावाल्या बायकांकडं लक्ष ठेवायचं. हणजूण-वागातोरच्या या बायका स्टोव्ह, किटली, चटया आणि रॉकेलचे दिवे डोक्यावर घेऊन निघत. त्यांची रांग ज्या वाटेला वळली, तिथं पार्टी. एखाद्या डीजेपेक्षा त्यांची बातमी पक्की असायची, कारण त्यांचं दूध नासलं असतं. रात्रभर त्या वाळूवर चटया अंथरून बसायच्या, चहा आणि ऑम्लेट-पाव द्यायच्या. पहाटे पोदेराचा भोंगा वाजला की आपल्याला कळायचं, आता सकाळ झाली. पोदेर सायकलवरून ताजा पाव घेऊन यायचा आणि पार्टी अजून चालू असायची.

संगीताचं म्हणाल तर सत्तरच्या दशकात तिथं रॉकवाले होते, गिटार होती, ढोल होते. ऐंशीच्या दशकात युरोपातून इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कॅसेटी येऊ लागल्या आणि त्यातून पुढं जे झालं त्याला जग गोवा ट्रान्स म्हणतं. कॅलिफोर्नियात जन्मलेला गिल्बर्ट लेव्ही, ज्याला सगळे गोवा गिल म्हणत, तो या सगळ्याचा मोठा खांब. २०२३ साली तो गोव्यातच वारला. एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण मला तांत्रिकच कळतं. इथल्या उन्हात आणि दमट हवेत तबकड्या वाकतात. म्हणून ही मंडळी डॅट कॅसेट वापरायची, डिजिटल टेप. डॅटवर गाण्याची गती कमीजास्त करता येत नव्हती. म्हणजे दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर चढवून जोडायची सोय नाही. मग संगीतकारांनी गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याशिवायचा लांब, तरंगता भाग ठेवायला सुरुवात केली, म्हणजे जोड दिसू नये. लोक त्याला अध्यात्म वगैरे म्हणतात. असेलही. पण अर्धं अध्यात्म आमच्या हवेच्या दमटपणातून आलं, हे मी मशीन हाताळलेला माणूस म्हणून सांगतो.

आता मला जे खरोखर सांगायचंय तिकडे येतो. वाळूवरची पार्टी ही गोव्यात परकी गोष्ट होती, असं आपण समजतो. रात्रभर जागणं मात्र इथं परकं कधीच नव्हतं. शिवोलीचा जागर घ्या. नाताळानंतरच्या सोमवारी रात्री हिंदू आणि ख्रिस्ती दोघे मिळून तो करतात. पेडण्या-सत्तरीकडचे दशावतारी काले घ्या. प्रत्येक गावच्या जत्रेतलं मराठी नाटक घ्या. पत्रिकेवर अकरा लिहिलेलं, पडदा वर जाणार साडेबाराला, आणि तिसऱ्या अंकात पहिल्या रांगेतली मुलं गाढ झोपलेली. आणि बायकांचे धालो घ्या. पौषातल्या चांदण्यात, पुरुषांना बाजूला ठेवून, रात्री उशिरापर्यंत मांडावर फेर धरून गायचं. तिकीट नाही, माइक नाही, मला तर तिथं कधी काम मिळालंच नाही. अंडरग्राउंड शब्दाचा अर्थ तुम्ही मला विचाराल तर मी धालोकडं बोट दाखवीन.

या सगळ्यांत एक शब्द समान आहे, मांड. मांड म्हणजे गावातली खेळण्या-गाण्याची पवित्र जागा. तिथं दिवा लागतो, नारळ ठेवतात, आणि एरवी तिथं ढोरं चरतात. ही जागा कुणाच्या एकट्याच्या मालकीची आहे असं गाव मानत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हणजूणच्या त्या पार्ट्याही मांडावरच चालत होत्या, फक्त त्या मांडाला देव नव्हता. बांबूचं बन, डोंगराच्या पोटातली मोकळी दरड, वागातोरला जिला डिस्को व्हॅली म्हणत ती घळ, भात कापल्यानंतरचं कोरडं शेत. कुणी वापरत नव्हतं म्हणून मोकळ्या राहिलेल्या या जागा. मालक विचारत नव्हता, कारण त्या जागेची किंमत त्यालाही ठाऊक नव्हती. देव असलेला मांड अजून बराच उरलाय. देव नसलेला मांड प्लॉट झाला.

हे एका दिवसात झालं नाही, आणि सगळा दोष दिल्लीवाल्यांवर टाकायचा आपला आवडता खेळ मी आज खेळणार नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. थिवीला उतरून लोक थेट किनाऱ्यावर येऊ लागले. २०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ चालू झाला आणि पेडणे तालुका, जिथं आम्ही काल्यांना कर्णे लावायला जायचो, तो अचानक 'उत्तरेचा उत्तर' म्हणून जाहिरातीत दिसायला लागला. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती, आणि २०२४ या एका वर्षात एक कोटीहून जास्त पर्यटक आले. कोविडनंतर घरून काम करणारे आले आणि राहिले. शिंपल्यांच्या खिडक्यांची जुनी घरं आधी भाड्यानं गेली, मग विकली गेली. ती विकली कुणी? आपणच. माझ्या मामानं शापोऱ्याजवळचं काजूचं भाट, म्हणजे बाग, विकलं, आणि त्याच्या मुलीचं शिक्षण त्यातून झालं. त्याला मी काय सांगू, की तिथं एकदा फार चांगली पार्टी झाली होती?

आता कायदा. हा भाग जरा रटाळ आहे, पण माझ्या धंद्यात तो पाठ लागतो. केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. दोन माणसं समोरासमोर साधं बोलली तरी साठपर्यंत जातं, म्हणजे रात्रीची मर्यादा कुजबुजीच्या जरा वर. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं. वर्षातले पंधराच दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७पासून व्हॉयेजर यानातून अवकाशात फिरतोय. तेवढ्या एकाच गोवेकराला दहाची अडचण नाही.

पण हा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वागातोरला माझी मावशी राहायची. रात्रभर तिच्या फडताळातल्या बशा वाजायच्या. बासचं गणित असं असतं: पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर. खिडकी लावली की वरचे सूर अडतात, पण ठोका भिंतीतून आत येतोच. मावशी म्हणायची, "अरे, गाणं तरी ऐकू येऊ दे, नुसतं धाड धाड काय ऐकवतोस?" तिथं अनेकदा बॉक्स माझेच असायचे. मी तिला ते कधी सांगितलं नाही. तिला माहीत असावं.

गोम अशी की झोपेसाठी केलेल्या कायद्यानं पार्टी संपली नाही, तिचा मालक बदलला. उघड्यावर वाजवता येत नाही म्हटल्यावर बंद खोली लागली. बंद खोलीला काच, फोम, एसी, दोन दरवाजे लागले. त्याला भांडवल लागलं. भांडवल आलं की प्रवेशशुल्क आलं, टेबलं आली, दारावर बाउन्सर आले. चहावाली त्या दारातून आत जाऊ शकत नाही. काहींनी दिवसाच पार्ट्या सुरू केल्या, सूर्यास्ताला संपणाऱ्या. दक्षिणेत पाळोळेला हेडफोनच्या पार्ट्या निघाल्या. शंभर-दोनशे माणसं आपापल्या कानात ऐकत नाचतात आणि बाहेरून फक्त पायांचा आवाज येतो. मी एकदा बघायला गेलो होतो. साउंडवाल्यासाठी ते दृश्य म्हणजे आपल्याच बाराव्याला जेवायला बसल्यासारखं.

मोठ्या महोत्सवांबद्दल मी फार बोलणार नाही. सनबर्न २००७ साली कांदोळीला सुरू झाला, मध्ये पुण्याला गेला, परत आला. तो एक व्यापार आहे, नीट चालतो, माझ्यासारख्या कित्येकांना त्यात काम मिळालं. तो अंडरग्राउंड असल्याचा आव तरी आणत नाही. मला खटकतात त्या पाट्या, ज्यांच्यावर 'अंडरग्राउंड' हाच शब्द निऑनमध्ये लिहिलाय आणि खाली पार्किंगचे दर.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आसगावच्या बाजूला एका जत्रेच्या नाटकाचं काम मी घेतलं होतं. परवानगीचा कागद खिशात. नऊच्या सुमाराला बाजूच्या नव्या व्हिलातून एक गृहस्थ आले, आवाज कमी करा म्हणून. हार्मोनियमची नुसती तपासणी चालू होती. मी आवाज कमी केला. ते परत गेले, आणि अर्ध्या तासानं पोलीस आले. एका ठाण्यात माझा ॲम्प्लिफायर चार दिवस पडून राहिला. त्याच रात्री त्याच गृहस्थांच्या अंगणात पोहण्याच्या तलावाशेजारी डीजे होता, आतल्या आत, छान मर्यादेत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पैसे देऊन शांतता विकत घेतली होती, आणि त्या शांततेत आमचा मांड येतो हे कुणी त्यांना खरेदीखतात लिहून दिलं नव्हतं.

मग शोधायचं कुठं? तुम्ही एवढा वेळ बसलात, तर मला कळतं तेवढं सांगतो. किनाऱ्यापासून दूर जा. वागातोरच्या चढावर नवीन काही घडत असेल तर ते महिन्याभरात फोनवर तुमच्यापर्यंत येईलच, त्यासाठी शोधायची गरज नाही. मडगावात आणि फोंड्यात पोरं गॅरेजमध्ये मेटल वाजवतात. ड्रमवर घोंगडी टाकतात, शेजारी ओरडू नयेत म्हणून. त्यातलाच एखादा रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, आणि नोव्हेंबरात तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, बँडमध्ये ट्रम्पेटला बसतो. गोव्याचे वादक पूर्वीपासून असेच, एका हातात तीन कामं. मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद ज्यांच्यावर चालले ते अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा हे याच मातीतले. त्या पोरांना विचारा, पुढचं कधी. ते सांगतील, पण आधी तुम्हाला निरखतील.

पेडण्यात पायलट उरलेत थोडे, त्यांच्याशी बोला. टॅक्सीवाला तुम्हाला ज्या क्लबमधून त्याला कमिशन मिळतं तिथं नेईल. पायलटला कुणी कमिशन देत नाही. धालोंचं विचारू नका, पुरुष असाल तर मुळीच नाही. बाई असाल आणि गावात कुणी ओळखीचं असेल, तर पौषात बोलावणं येईल. फोन घरी ठेवून जा.

परवा आमच्या वाड्यावरच्या एका चहावाल्या बाईच्या सुनेनं मला थांबवलं. सासूच्या त्या जुन्या चटया माळ्यावर पडल्यात, उंदीर कुरतडतात, तुम्हाला नाटकाला बसायला हव्यात का म्हणाली. बावीस चटया निघाल्या. एकीवर मेण सांडलेलं होतं आणि फ्लोरोसंट रंगाचा एक पाय उमटलेला, पाच बोटांसकट. ती मी वेगळी ठेवलीय. बाकीच्या या शनिवारी मयड्याच्या देवळासमोर अंथरणार आहे. नाटक कुठलं ते कळलेलं नाही, पण पेटीवाला चांगला आहे.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. दहाला बारा मिनिटं कमी आहेत, आणि हा माइक माझाच आहे, तेव्हा केस झाली तर माझ्यावरच होईल. प्रश्न असतील तर खाली, माइकशिवाय विचारा.