दोनशे चोवीसपैकी किती?

(दृश्य: सकाळी साडेसात, ठाणे स्टेशन, फलाटावरची गर्दी)

ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने तासभर लागतो आणि डब्यात संडास नसतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणून अचानक संडासला पळवणारे आजार. त्यांच्या पेशंटला ऑफिसच्या आधी हा तास दिसतो.

आतड्याला सूज किती, हे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (सुजेत वाढणारं प्रथिन) सांगतं. दिवस कसे जातात, हे विचारायला प्रश्नावली लागते. या आजारांसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे आयबीडीक्यू (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज क्वेश्चनेअर), कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातली, १९८९ची. प्रश्न ३२, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला १ ते ७ गुण. ७ म्हणजे त्रास अजिबात नाही. एकूण ३२ ते २२४. साधारण १७० किंवा त्याहून वर गेलं की आजार शांत आहे असं धरतात, आणि १६ गुणांचा फरक पडला तर तो पेशंटलाही जाणवेल इतका मोठा मानतात.

(दृश्य: ओपीडीतलं टेबल, भरलेला फॉर्म)

हा आकडा एकटा वाचला की फसगत होते. समजा, पोटाच्या १० प्रश्नांत ७० पैकी ६२, मनाच्या १२ प्रश्नांत ८४ पैकी ५८, सामाजिक ५ प्रश्नांत ३५ पैकी ३३. थकवा, झोप, वजन वगैरेंच्या ५ प्रश्नांत मात्र ३५ पैकी १७. बेरीज बरोबर १७०. पोट ठीक, पण माणूस गळून गेलेला. इथे औषध वाढवण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी तपासणी), बी-१२ बघायचं. त्यातही सूज असताना फेरिटिन खोटं वर दिसतं. तेव्हा १०० पर्यंतचा आकडाही लोहाची कमतरता दाखवू शकतो.

आता त्या सामाजिक ३३ कडे वळू. घोडबंदर रोडला राहणारा पेशंट वर्षभर घरूनच काम करतो, लग्नकार्याला जात नाही. 'बाहेर जाणं रद्द करावं लागलं का?' तो बिनदिक्कत 'कधीच नाही' वर खूण करतो. ठरवलंच नव्हतं, तर रद्द काय होणार! म्हणून फॉर्म झाल्यावर तोंडी विचारावं: आजाराआधी काय करत होतात, जे आता सोडलंय?

फॉर्म डॉक्टरांना भेटण्याआधी भरून घ्यावा. रिपोर्ट चांगला आल्याचं कळलं की उत्तरंही सुधारतात. पेशंटनं तो स्वतःच्या हातानं भरावा. शेजारी सासूबाई किंवा मुलगा बसला की लैंगिक संबंधांवरचा प्रश्न हमखास कोरा राहतो.

गर्दीच्या ओपीडीसाठी १० प्रश्नांचा छोटा फॉर्म आहे, गुण १० ते ७०. तो चालतो. फक्त एका पेशंटला दर वेळी एकच फॉर्म द्यावा, नाहीतर मागच्या भेटीशी तुलना कशाची करणार?