लेबलवरचं नाव आणि पानावरचे ठिपके

(ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात बागकाम गटातर्फे झालेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

जेवण नुकतंच झालंय आणि मठ्ठाही झालाय, तेव्हा डोळे मिटले तर आम्ही रागावणार नाही. विषय हलकाच निवडलाय. जुलैमध्ये आपल्या घरांत टीव्हीवर विंबल्डन नाहीतर लॉर्ड्स चालू असतं आणि शनिवारी गार्डन सेंटरची फेरी असते. तिथे गुलाबाच्या कुंड्यांच्या लेबलांवर नट्या, गायिका, खेळाडू, राजघराण्यातली माणसं असा सगळा दरबार भरलेला असतो. नाव आवडतं, कुंडी गाडीत येते आणि ऑगस्टमध्ये झाडावर फक्त काड्या उरतात. आमचं म्हणणं एवढंच: नावावर प्रेम करा, पण झाड घेताना लेबलवरचं बाकीचंही वाचा.

नाव येतं सगळ्यात शेवटी. गुलाबाची नवी जात तयार करणारा माणूस आधी मादी म्हणून निवडलेल्या झाडाची अर्धवट उमललेली कळी घेतो, पाकळ्या काढतो आणि स्वपरागीभवन होऊ नये म्हणून पुंकेसर खुडतो. दुसऱ्या झाडाचे परागकण सुकवून ठेवलेले असतात, ते ब्रशने लावतो. शरद ऋतूत फळं पिकली की त्यांतल्या बिया थंडीत ठेवतो आणि मग पेरतो. आलेल्या रोपांपैकी बहुतेक पहिल्या एकदोन वर्षांतच फेकली जातात. उरलेल्यांचे डोळे (अंकुर) रानटी गुलाबाच्या मुळाच्या खुंटावर भरून, म्हणजे कलम करून, उघड्या शेतात त्यांची परीक्षा होते. यात आठ-दहा वर्षं सहज जातात. हजारो रोपांतून हातावर मोजण्याइतक्या जाती बाजारात येतात आणि तेव्हा कुठे नावाचा विचार सुरू होतो. कोणाच्या नावाने खपेल, कोणती धर्मादाय संस्था जोडता येईल, त्या व्यक्तीची किंवा वारसांची परवानगी मिळेल का, हा सगळा दुकानदारीचा भाग आहे. त्यात गैर काही नाही, फक्त झाडाच्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही.

म्हणून लेबलवर बारीक अक्षरात एक विचित्र शब्द असतो, तो शोधा. ते झाडाचं खरं नोंदणीचं नाव. त्याची पहिली अक्षरं म्हणजे निर्मात्याचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव समजा: ‘ऑस’ असेल तर डेव्हिड ऑस्टिन, ‘पौल’ असेल तर डेन्मार्कचे पौलसेन, ‘मेई’ म्हणजे फ्रान्सचे मेयाँ, ‘कोर’ म्हणजे जर्मनीचे कोर्डेस, ‘हार’ म्हणजे इथलेच हार्कनेस. याचा फायदा काय ते एका उदाहरणात कळेल. अमेरिकेत वीक्स रोझेस कंपनीसाठी टॉम कॅरुथ यांनी काढलेला लोणी-पिवळा गुलाब ‘ज्युलिया चाइल्ड’. प्रसिद्ध पाककला लेखिका ज्युलिया चाइल्ड यांनी तो स्वतः पसंत केला होता. तोच गुलाब ब्रिटनमध्ये ‘ॲब्सोल्यूटली फॅब्युलस’ या नावाने विकला जातो. तिकडे स्वयंपाक खपतो, इकडे विनोदी मालिका! पण दोन्ही लेबलांवर बारीक अक्षरात ‘वेकव्होसुटोनो’च असतं. चुलत बहिणीने न्यू जर्सीहून नाव कळवलं आणि तुम्ही इथे शोधत बसलात, तर हा शब्द कामाला येतो. झाड मात्र सोन्यासारखं आहे: कमरेच्या खालीच राहतं, पानं चकचकीत, बडीशेपेच्या जवळ जाणारा वास आणि रोगाला चांगलंच दाद न देणारं.

आता खेळाडूंकडे येऊ. फुटबॉलपटू बॉबी चार्लटन यांच्या नावाचा गुलाब फ्रायर या निर्मात्यांनी १९७४ मध्ये आणला. गडद गुलाबी, पाकळीची मागची बाजू रुपेरी, फूल मोठं, प्रदर्शनात बक्षीस घेणारं. आज हे झाड दुकानात सहज मिळत नाही. त्या काळच्या कितीतरी जातींचं असंच झालं आणि त्याचं कारण मजेशीर आहे. तेव्हाचे निवडकर्ते फुलाचा आकार बघत. पानाकडे फारसं बघावंच लागत नसे, कारण ब्रिटनच्या शहरांत कोळशाच्या धुरातला गंधक हवेत होता आणि तो बुरशीनाशकाचं काम फुकटात करत होता. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर हळूहळू कमी झाला, माणसांची फुप्फुसं सुधारली आणि गुलाबावर काळे ठिपके आले. फवारणीशिवाय ज्या जाती तग धरेनात, त्या यादीतून गेल्या. त्यात चार्लटन यांचा दोष नाही, बिचाऱ्यांनी १९६६ चा विश्वचषक जिंकून दिला होता.

या काळ्या ठिपक्यांची बुरशी पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं की पानात शिरते. म्हणजे संध्याकाळी वरून पाइपने पाणी मारणं हे तिला जेवायला बोलावणं आहे. पाणी सकाळी द्या, बुंध्याशी द्या. गळलेली ठिपक्यांची पानं वेचून घरच्या कंपोस्टमध्ये न टाकता कौन्सिलच्या हिरव्या कचऱ्यात टाका, कारण घरचा ढीग बुरशी मरण्याइतका तापत नाही. आणि भुरी वेगळी बरं का. पानावर पांढरी भुकटी दिसली, तर मुळं कोरडी पडली आहेत आणि झाडातून वारा खेळत नाहीये असं समजा. ठिपके म्हणजे पान ओलं, भुरी म्हणजे मूळ कोरडं. हा फरक न कळल्यामुळे लोक भुरी दिसली की पाणी तोडतात आणि झाड आणखी हाल काढतं.

टेनिसवाल्यांसाठी ‘क्रिस एव्हर्ट’ आहे. विंबल्डन एकेरी तीनदा जिंकलेल्या खेळाडूच्या नावाचा नारिंगी-पिवळा गुलाब, कडेला लाली. हा कॅलिफोर्नियाच्या वीक्स रोझेसचा. अशा भरगच्च पाकळ्यांच्या अमेरिकन जाती इथे आणताना एक धोका लक्षात ठेवा. पावसात बाहेरच्या पाकळ्या ओल्या होतात, मग ऊन पडलं की एकमेकींना चिकटून सुकतात आणि कळी उमलायच्या आधीच तपकिरी गोळा होऊन कुजते. झाड आजारी नसतं, हवामान त्याचं नसतं. वेळेवर दिसलं तर बाहेरच्या दोनचार पाकळ्या हलक्या हाताने सोडवल्या की आतलं फूल कधीकधी वाचतं.

नाव आणि झाड दोन्ही चांगलं हवं असेल तर आमची पसंती ‘इन्ग्रिड बर्गमन’ला. नटीच्या नावाचा, पौलसेन यांचा, १९८४ चा, गर्द लाल. २००० साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. फूल पावसात टिकतं, देठ ताठ, पान जाड. वास मात्र जवळजवळ नाही, हे आधीच सांगतो, नंतर तक्रार नको. दुसरा ‘जॅकलिन दु प्रे’, चेलोवादिकेच्या नावाचा, हार्कनेस यांचा. मोजक्या पाकळ्या, पांढरा, मध्ये लालसर सोनेरी पुंकेसर. लवकर फुलतो आणि मधमाश्या त्याच्यावर तुटून पडतात.

लावायचा तो शक्यतो नोव्हेंबर ते मार्च, बिनमातीच्या मुळांचा घ्या. स्वस्त पडतो आणि रुजतोही चांगला. मुळं दोन तास बादलीत भिजवा. खड्डा साधारण ४० सेंटीमीटर रुंद आणि तितकाच खोल, तळाची चिकणमाती फावड्याने खणून मोकळी केलेली. डोळा भरल्याची गाठ जमिनीच्या पातळीखाली ५ सेंटीमीटर राहू द्या. गाठ वर राहिली की वाऱ्याने झाड हलतं, बुंध्याभोवती पोकळी होते, त्यात पाणी साठून गोठतं. आणि जिथे आधी गुलाब होता तिथे पुन्हा गुलाब लावू नका. लावायचाच असेल तर तिथली माती काढून भाजीच्या वाफ्यातली घाला.

खुंटाचा फुटवा आला तर तो सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापू नका. माती उकरून तो मुळाला जिथे चिकटलाय तिथून खाली ओढून उपटा. कापला तर खालचे डोळे राहतात आणि एकाचे तीन होतात. ‘एका देठावर सात छोटी पानं म्हणजे रानटी’ हा नियम भरवशाचा नाही, बऱ्याच चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फांदी गाठीच्या वरून निघाली की खालून, तेवढंच बघा.

आपल्याकडची माणसं फुलांवर आहेत का, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. हॉलंडमध्ये २००५ साली एका ट्युलिपला ऐश्वर्या राय यांचं नाव दिलं गेलं. लखनौजवळ मलिहाबादला हाजी कलीमुल्ला खान यांनी कलमी आंब्यांना ऐश्वर्या आणि सचिन तेंडुलकर यांची नावं दिली आहेत. लॉर्ड्सच्या सन्मानफलकावर दिलीप वेंगसरकरांची तीन कसोटी शतकं आहेत, सचिनचं एकही नाही. आंब्यावर मात्र आहे. पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मुद्दाम जाऊन बघावं असं झाड म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली इथल्या बागेतला ‘जानकी अम्मल’ मॅग्नोलिया. १८९७ साली केरळातल्या तलश्शेरीत जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ १९४० पासून लंडनमध्ये जॉन इनिस संस्थेत होत्या आणि पुढे विस्लीला आल्या. मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन हे रसायन वापरून गुणसूत्रं दुप्पट करण्याचे प्रयोग त्यांनी तिथे केले. पांढरी फुलं वसंताच्या सुरुवातीला, पानांच्या आधी येतात, म्हणजे आत्ता गेलात तर नुसतं झाड दिसेल. कोडईकनालच्या वीरराघवन दांपत्याने अलीकडे जानकी अम्मलांच्या नावाचा गुलाबही काढला आहे. क्रिकेटपटूंइतकी गर्दी जानकी अम्मलांच्या झाडाशी होत नाही, हे आम्हाला खटकतं.

लॉर्ड्सचा विषय निघालाच आहे तर: जुलै १९९८ मध्ये तिथे डायना स्मृती सामना झाला, त्यात सचिनने १२५ केल्या होत्या. तो अधिकृत नव्हता म्हणून फलकावर नाही. ‘प्रिन्सेस डायना’ नावाची क्लेमॅटिस वेल आहे, ट्युलिपसारखी गुलाबी फुलं, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. गुलाबावर चढवायला उत्तम, कारण ती दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर निर्दयपणे छाटायची असते, गुलाबाला गुदमरवत नाही. छाटायची राहिली तर फुलं शेंड्यावर आणि खाली वाळका गुंता. हिला भुरी लागते, म्हणून मुळाशी सावली आणि ओल हवीच.

डायनाच्या माहेरी, ऑल्थॉर्पला, सायलस कोल या माळ्याला स्वीट पी या फुलवेलीची मोठ्या, लाटेरी पाकळ्यांची जात सापडली. ‘काउंटेस स्पेन्सर’ म्हणून ती १९०१ च्या प्रदर्शनात आली आणि आजच्या बहुतेक सुंदर स्वीट पी तिच्याच वंशातल्या. दोनतीन दिवसांआड फुलं खुडा. एकदा शेंगा धरल्या की वेलाला वाटतं काम झालं, फुलं बंद. आणि त्या शेंगा मटारसारख्या दिसल्या तरी विषारी असतात, नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

आता जे काम उद्याच करायचंय ते. गणपतीला आपल्या अंगणातली लाल फुलं हवीत ना? जास्वंद इथे बाहेर तग धरत नाही. ‘इन्ग्रिड बर्गमन’ आणि ‘बिशप ऑफ लँडाफ’ हा डेलिया, दोघांवर भिस्त ठेवा. गुलाबाचं जुनं फूल कापल्यापासून नवीन उमलायला सहा ते सात आठवडे लागतात. गणपती ऑगस्टअखेरीस असतील तर जुलैच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या मध्याला असतील तर जुलैअखेर, सगळी फुललेली फुलं एकदम काढा. नुसती मान मोडू नका. खाली या, पाच छोट्या पानांचं पहिलं निरोगी पान गाठा, त्याच्या बेचक्यातल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटीमीटर तिरका काप द्या. लगेच मूठभर गुलाबाचं खत बुंध्यापासून थोडं दूर आणि वर बादलीभर पाणी. जुलैनंतर खत नको, कोवळी फूट थंडीत मरते.

बिशप १९२४ पासून कार्डिफहून जगभर गेलेला, काळपट पानांचा. त्याला थांबवायचं नाही, सतत खुडायचं. घोटाळा इथे होतो की सुकलेलं फूल मिटलं की कळीसारखंच दिसतं. कळी गोल आणि कडक असते, सुकलेलं टोकदार आणि दाबलं तर पिचपिचीत. घाईत लोक कळ्या खुडतात आणि बिया ठेवतात. डेलिया कापल्यावर पुढे उमलत नाही, तेव्हा पूर्ण उमललेलंच कापा. देठाची टोकं गरम पाण्यात तासभर ठेवली की जास्त टिकतं. हारासाठी देठ पोकळ असल्याने सुई त्यातून काढू नका, फुलाच्या मागच्या हिरव्या टणक भागातून काढा. आणि आदल्या रात्री हार फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर नैवेद्याची केळी-सफरचंदं तिथून बाहेर काढा. त्यांच्या वायूने गुलाबाच्या पाकळ्या सकाळपर्यंत गळतात.