बोटांना दिसलेलं तेर

नमस्कार श्रोतेहो. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हटलं की वारकऱ्यांचे हात जोडले जातात. याच गावाचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत ते येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जातं. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, मिळणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपल्या. तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे.

हे सगळं मी मावशीला सांगत असतो. तिची दृष्टी मधुमेहानं गेली. काही वर्षांपूर्वी तिला एका दुसऱ्याच वस्तुसंग्रहालयात नेलं होतं. तिनं कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काच आहे रे नुसती." मला फार लागलं ते.

तेव्हापासून कुठंही जायच्या आधी मी फोन करतो. पायऱ्या किती? कठडा आहे का? मध्ये बसायला बाक? चाकाची खुर्ची आत जाईल का? उतार आहे म्हणाले, तर त्याची लांबीही विचारतो, कारण एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. त्याहून उभा असला की खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते. दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे, त्यामुळे हे विचारताना संकोच करू नका.

आत गेल्यावर वस्तूचं नाव आधी सांगू नका. आकार सांगा, मग ती कशाची आहे ते, मग रूप. तेरच्या सातवाहनकालीन मातीच्या बाहुल्या घ्या. त्यातल्या कितीतरी दोन साच्यांत घडवलेल्या: पुढचा अर्धा भाग वेगळा, पाठीचा वेगळा, मग दोन्ही जोडून भाजलेले. आतून पोकळ, म्हणून हलक्या. मूळ बाहुली कुणी हातात देणार नाही, आणि देऊही नये. पण साच्यातली वस्तू पुन्हा साच्यातून काढता येते ना! गोरोबाकाकांच्या गावात मातीच्या प्रतिकृती हाताळायला ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडच्या कुंभारदादांकडून मी तशी एक बाहुली करून घेतली. मावशीनं ती बराच वेळ चाचपली. मग कानामागे तिचं बोट थांबलं.

"इथं जोडलंय बघ," ती म्हणाली.

मला तो सांधा दिसलाच नव्हता.