अगत्ती: बाराशे मीटरची धावपट्टी

(दृश्य: लोहगावहून उड्डाण घेणारं प्रवासी विमान)

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. हवाई दलाची लढाऊ विमानं आणि आपली दिल्ली-बंगळूरची विमानं याच पट्टीवर उतरतात. ती अपुरी पडते, वाढवायला हवी, ही चर्चा पुण्यात कायम चालू असते. आता हिच्या निम्म्याहूनही आखूड पट्टी डोळ्यांसमोर आणा. लांबी १,२०४ मीटर. दोन्ही टोकांना पाणी, दोन्ही अंगांना पाणी.

हा अगत्तीचा विमानतळ. अख्ख्या लक्षद्वीपमधला एकमेव.

(दृश्य: आकाशातून दिसणारं बेट, भोवती फिकट निळं लगून, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतलं उथळ पाणी)

लक्षद्वीपची ३६ बेटं एकत्र केली तरी जमीन भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. त्यातल्या १० बेटांवर वस्ती आहे. अगत्ती हे लांबट, अरुंद बेट. दक्षिणेकडे तर ते फारच निमुळतं होत जातं आणि विमानतळ नेमका तिथेच बांधलाय. बेट जसं पसरलंय तशीच पट्टी आखावी लागली, ईशान्य-नैर्ऋत्य. म्हणून तिच्या टोकांवर ०४ आणि २२ असे आकडे रंगवलेत: उत्तरेपासून मोजलेले ४० आणि २२० अंश, शेवटचं शून्य गाळून. लोहगावला हेच आकडे १० आणि २८ आहेत, कारण आपली पट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे.

१९८८ साली इथे विमान यायला लागलं. त्याआधी मुख्य भूमीवर जायचं म्हणजे बोट, आणि बोटीने कोची गाठायला रात्र घालवावी लागते. पहिली सेवा वायुदूतची. लहान गावं विमानाने जोडण्यासाठी १९८१ मध्ये सुरू झालेली ही सरकारी कंपनी. तिचं डॉर्निअर विमान जेमतेम वीसेक माणसं नेणारं, पण आखूड पट्टीवर सहज उतरणारं. पुढे वायुदूत बंद झाली आणि अगत्तीला पंख्याची एटीआर विमानं येऊ लागली.

(दृश्य: थांबलेलं एटीआर, मागच्या दारातून उतरणारे प्रवासी)

या विमानाकडे जरा नीट बघा. मागचं दार खाली उघडतं आणि त्याच्या आतल्या बाजूलाच पायऱ्या आहेत. बाहेरून शिडी आणावी लागत नाही. सामान पुढच्या दारातून चढतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवता येतो आणि इंजिन मात्र चालू राहून विमानाला वीज पुरवतं. जिथे यंत्रसामग्री कमी, तिथे हे फार उपयोगी पडतं.

खरी कसरत आहे ती वजनाची. एटीआर-७२ पूर्ण वजनाने उडवायचं तर तेराशे मीटरहून जास्त पट्टी लागते. इथे बाराशेच आहे. शिवाय हवा तापली की विरळ होते, विमानाला आणखी धाव घ्यावी लागते. मग वजन उतरवायचं कुठून? इंधनाला हात लावता येत नाही. अगत्तीवर उतरता आलं नाही, तर जवळ दुसरा विमानतळच नाही. सुमारे ४६० किलोमीटर मागे कोचीला परतण्याइतकं इंधन टाकीत हवंच. त्यामुळे कात्री लागते ती प्रवाशांना आणि त्यांच्या बॅगांना. विमानात जागा रिकाम्या दिसतात, तरी तिकीट मिळत नाही, ते यामुळे.

बेटावरच्या माणसांसाठी ही पट्टी किती मोलाची आहे ते पावसाळ्यात कळतं. समुद्र खवळला की बोटींचा भरवसा राहत नाही. एखाद्या बेटावरचा रुग्ण गंभीर झाला, तर हेलिकॉप्टरने हलवावं लागतं. आपल्याकडे अँब्युलन्स वाहतुकीत अडकली की जीव टांगणीला लागतो. इथे मधे उभा असतो तो समुद्र. म्हणून पट्टी वाढवण्याची मागणी मला अगदी रास्त वाटते.

पण वाढवायची कुठे? दक्षिणेला कल्पिट्टी नावाचं छोटं निर्मनुष्य बेट आहे. तिथपर्यंत पट्टी नेण्याचा विचार वर्षानुवर्षं चालू आहे आणि मधे आहे प्रवाळ.

(दृश्य: पाण्याखालची प्रवाळभिंत, तिच्यावर फुटणाऱ्या लाटा)

मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथला प्रवाळ पांढरा पडला, बराचसा मेला. बेट समुद्रसपाटीपासून फार तर काही मीटर उंच. भर समुद्रातून येणाऱ्या लाटेचा जोर ही प्रवाळभिंत बाहेरच मोडते, म्हणून बेट टिकून आहे, आणि बेटावरची धावपट्टीही. भराव टाकून भिंतीला धक्का लावला, तर वाढवलेल्या पट्टीवरच लाटा चालून येतील. मोठी जेट विमानं उतरवण्यासाठी ही किंमत मोजू नये, असं मला मनापासून वाटतं. आखूड पट्टीवर जास्त माणसं नेणारं विमान, जास्त फेऱ्या आणि रुग्णांसाठी सदैव तयार हेलिकॉप्टर, यावर आधी पैसा खर्च व्हावा.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी एवढंच: आधी कोची, तिथून अगत्ती. लक्षद्वीप प्रशासनाचा प्रवेश परवाना भारतीयांनाही लागतो, तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि बॅग भरताना तिकिटावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळा. तुमच्या जादा किलोंची जागा बेटावरच्या कुणाला तरी लागणार असते.